आधी भाकर, मग वचन: विश्वासात नवे असताना धीर सुटला तर

ख्रिस्ताकडे येऊन वर्ष-दीड वर्ष झालं की बऱ्याच जणांच्या वाट्याला एक कोरडा काळ येतो, आणि त्याबद्दल आधी कुणी काही सांगितलेलं नसतं. रविवारी भक्तीला बसलोय, टाळ-ढोलकी रंगात आलीय, शेजारची बाई डोळे मिटून गातेय, आणि आपल्या आत मात्र नुसती धूळ. प्रार्थनेला बसावं तर दोन वाक्यांत शब्द संपतात. नोकरीचं काही झालेलं नसतं. घरचे अजून टोमणे मारत असतात. सुरुवातीची उमेद कुठे गेली, तेही कळत नाही.

अशा वेळी मंडळीतलं कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, "भाऊ, विश्वास कमी पडतोय. जास्त प्रार्थना करा." म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारा आणखी एक पायरी खाली जातो. आधी फक्त दुःख होतं, आता दुःखाबरोबर गुन्हाही माथी आला.

मी गेली काही वर्षं आमच्या मंडळीत नव्याने आलेल्यांबरोबर बसतो आणि माझी तक्रार एकच आहे: आपण क्रम चुकवतो. खचलेल्या माणसाला शेवटची पायरी आधी सांगतो. देवाने स्वतः एका खचलेल्या माणसाला कसं सांभाळलं, ते बायबलात नीट क्रमाने लिहून ठेवलेलं आहे. १ राजे, अध्याय १९. तोच क्रम धरून पुढचं लिहितोय. बायबल जवळ असेल तर उघडून ठेवा. मोबाइलवरचं चालेल.

सुरुवातीला एक गोष्ट तपासून घ्या

धीर सुटणं वेगळं आणि आजार वेगळा, जरी बाहेरून दोन्ही सारखेच दिसत असले तरी. दोन आठवडे उलटून गेले, झोप नाही किंवा नुसती झोपच आहे, जेवण जात नाही, रोजची कामं होत नाहीत, कशातच जीव रमत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची गोळी घेताना आपण "माझा विश्वास कमी आहे का?" असं विचारत नाही, मग मनाच्या औषधालाच का विचारावं? आणि जीव नकोसा वाटतोय, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतंय, तर हा लेख बाजूला ठेवा, घरातल्या कुणालातरी आत्ताच्या आत्ता सांगा आणि १४४१६ हा नंबर लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. "औषध बंद करा, हे सैतानाचं काम आहे" असं सांगणारा कितीही मोठा सेवक असला, तरी त्या एका बाबतीत त्याचं ऐकू नका.

पहिली पायरी: जेवा आणि झोपा

एलीया हा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्याने सगळ्या लोकांसमोर बआल या दैवताच्या संदेष्ट्यांना हरवलं होतं, आकाशातून अग्नी उतरलेला पाहिला होता. लगेच पुढच्या अध्यायात ईजबेल राणीचा निरोप येतो की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते, आणि हा माणूस पळत सुटतो. बैरशेब्याला आपल्या चाकराला मागे ठेवतो, एकटाच एक दिवसाची वाट रानात चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. मराठी बायबलात त्या झुडपाला रतामाचं झुडूप म्हटलंय. वाळवंटातलं, विरळ सावलीचं.

आता देव काय करतो पाहा. रागावत नाही, कर्मेलची आठवण करून देत नाही, वचन सांगत नाही. एलीयाला झोप लागते. देवदूत येऊन त्याला हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि परत आडवा होतो. मला हे फार आवडतं की तो परत झोपला हे लिहिणाऱ्याने गाळलं नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला सांगतो, आणि कारणही देतो: तुला वाट फार लांबची आहे.

(स्तोत्र १२० मध्ये रतामाच्या निखाऱ्यांचा उल्लेख आहे. ज्या झुडपाखाली मरण मागितलं, त्याच्याच लाकडावर ती भाकर भाजली असेल का? मजकुरात तसं म्हटलेलं नाही. मला आपलं वाटत राहतं.)

माझं स्वतःचं सांगतो. लग्नपत्रिका छापायचं माझं छोटं दुकान होतं. लॉकडाऊनमध्ये लग्नंच थांबली आणि २०२१ च्या गणपतीच्या सुमारास मी शटर कायमचं ओढलं. घरात पत्रिकांचे नमुने भरलेली पोती आणि डोक्यावर कर्ज. महिनाभर मी भक्तीला गेलो नाही. दोन-तीन भाऊ घरी आले, प्रार्थना करून गेले, एकाने मला बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाची आख्खी गोष्ट सांगितली. मग एका संध्याकाळी मंडळीतल्या एक मावशी आल्या. त्या निवृत्त नर्स. हातात चार पुडांचा स्टीलचा डबा: ज्वारीच्या भाकऱ्या, पिठलं, ठेचा, एका पुडात कांदा-लिंबू. म्हणाल्या, "आधी जेवून घ्या." आम्ही जेवत होतो तेवढ्यात त्यांनी ओट्यावरची भांडी घासली. प्रार्थना मोठ्याने केलीच नाही. जाताना म्हणाल्या, "डबा राहू दे, परवा न्यायला येते." मला बऱ्याच दिवसांनी कळलं की डबा मुद्दाम ठेवला होता. परत यायला कारण हवं होतं त्यांना.

तर करायचं ते असं. पुढचे तीन दिवस फक्त ठरलेल्या वेळी जेवायचं, अर्धा तास चालायचं आणि रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून झोपायचं. लांबलचक प्रार्थना, उपवास, रात्रभराची जागरण-प्रार्थना सध्या नको. उपवास ही चांगली गोष्ट आहे, पण एलीयाचे चाळीस दिवस भाकर खाल्ल्यानंतर सुरू झाले, आधी नाही. जेवणाआधी "देवा, या भाकरीबद्दल तुझे आभार" एवढं एक वाक्य पुरे. तीच त्या दिवसाची प्रार्थना.

दुसरी पायरी: तक्रार करा, पण देवाकडेच

नव्यांची इथेच गाडी अडते. आपल्याला शिकवलेलं असतं की देवासमोर हात जोडून गोड बोलायचं. मग मनात एक आणि तोंडात एक असं होतं आणि काही दिवसांनी तोंडही बंद होतं. बायबल मात्र तक्रारींनी भरलेलं आहे. स्तोत्रसंहिता साधारण बायबलच्या मध्यावर सापडते. तिच्यात १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली निदान एक तृतीयांश तरी विलापाची आहेत. एका ठिकाणी स्तोत्रकर्ता देवाला चक्क विचारतो, का झोपलास? (स्तोत्र ४४.) मोशे गणना ११ मध्ये म्हणतो की या लोकांचं ओझं मला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. यिर्मया आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. आणि प्रभू येशू वधस्तंभावर जे बोलला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ती २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. त्या क्षणी त्यानेही विलापाचेच शब्द तोंडी घेतले.

शिकायला सगळ्यात सोपं म्हणजे स्तोत्र १३. सहाच ओव्या, म्हणजे वचनं, आहेत. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "किती काळ?" येतं. किती काळ मला विसरणार, किती काळ तोंड फिरवणार. पुढच्या दोन ओव्यांत मागणी आहे: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे. शेवटच्या दोन ओव्यांत सूर बदलतो: मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. मधे बाहेरची परिस्थिती बदलल्याची काही खूण नाही. शत्रू तिथेच आहे.

एक साधी वही घ्या. याच क्रमाने तुमचं स्तोत्र लिहा. आधी तक्रार, जशी आहे तशी. मी लिहिलं होतं: "देवा, दोन महिन्यांचं भाडं थकलंय. मालकाच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की पोटात गोळा येतो. मी तुझं काय वाकडं केलं?" वाचताना आज हसू येतं, पण तेव्हा ते लिहिल्यावर पहिल्यांदा छाती जरा मोकळी झाली. मग मागणी. ती नेमकी करा. "मला आशीर्वाद दे" असं मोघम नको, "सोमवारी मालकाशी बोलायचं बळ दे" असं. तिसरा भाग, भरवसा, आला नाही तर जागा कोरी सोडा. खोटं लिहू नका. स्तोत्र ८८ वाचून पाहा, त्यात तो भाग येतच नाही, आणि मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार हाच आहे. तरी ते स्तोत्र बायबलात आहे, कुणी काढून टाकलं नाही. अंधारात बोललेलंही देव प्रार्थना म्हणूनच धरतो, हे मला त्या एका स्तोत्राने पटवलं.

तक्रार आणि कुरकुर यांत फरक एवढाच की तक्रार देवाच्या तोंडावर केलेली असते. कुरकुर त्याच्या पाठीमागे, दहा जणांपाशी.

तिसरी पायरी: "तू इथे काय करतोस?"

जेवून, झोपून, चाळीस दिवस-रात्री चालून एलीया होरेब डोंगरावर पोचला, तेव्हा कुठे देवाने प्रश्न विचारला: एलीया, तू इथे काय करतोस? उत्तर देवाला ठाऊक होतं. ते एलीयाच्या तोंडून निघायला हवं होतं. एलीया म्हणाला, मी फार आवेशाने सेवा केली, लोकांनी वेद्या पाडल्या, संदेष्टे मारले, आणि मी एकटाच उरलोय.

यातलं पहिलं सगळं खरं होतं. "एकटाच उरलोय" हे खरं नव्हतं. देव पुढे सांगतो की इस्राएलात सात हजार जण असे आहेत ज्यांनी बआलापुढे गुडघे टेकलेले नाहीत.

वहीच्या नव्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे काय घडलं ते लिहा, उजवीकडे त्यावरून मी स्वतःला काय सांगितलं ते. डावीकडे: "मुलाखतीला बोलावलं, पण निवड झाली नाही." उजवीकडे: "देवाला मी नकोय." डावीकडे: "बहिणीने रक्षाबंधनाला बोलावलं नाही." उजवीकडे: "आता माझं कुणीच नाही." डावी बाजू नाकारायची नाही, ती दुखणारच. उजव्या बाजूची एकेक ओळ मात्र घेऊन विचारायचं, हे कुणी सांगितलं? देवाने की भीतीने?

घरच्यांच्या नाराजीबद्दल इथे थोडं बोलतो, कारण महाराष्ट्रात नव्याने विश्वासात आलेल्यांचं हे सगळ्यात खोल दुखणं आहे. आई बोलत नाही, भावकीत कुजबुज होते, लग्नकार्यात कोपऱ्यात बसवतात. याला झटपट उपाय नाही. आईला पटवत बसू नका. तिचं बी.पी.चं औषध आणून द्या, लाइटबिल भरा, पहिल्यासारखेच तिच्या पाया पडा. तुम्ही घर सोडलेलं नाही हे तिला तुमच्या वागण्यातून कळू दे. त्याला वर्षं लागतात.

आणि दुसरं दुखणं: तेच ते पाप. दारू सोडली होती, पुन्हा झाली. राग सुटला असं साक्ष देताना सांगितलं आणि त्याच रात्री बायकोवर हात उगारला. (हात उगारला असेल तर आधी तिच्याकडे जा, तिला सुरक्षित वाटेल असं काय ते करा, वही नंतर.) अशा माणसाला वाटतं, आपला खेळ संपला. त्याने येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात वाचावी, अध्याय १८ आणि २१ एकापाठोपाठ. अध्याय १८ मध्ये थंडी आहे, चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवलाय, आणि तू येशूचा शिष्य आहेस ना असं विचारल्यावर त्या विस्तवाजवळ शेकत उभा असलेला पेत्र "मी नव्हे" म्हणतो. दारातच सुरू झालेला नकार तीन वेळा होतो. अध्याय २१ मध्ये पहाट आहे, समुद्राचा काठ आहे, आणि येशूने पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवून ठेवलाय. त्यावर मासळी, शेजारी भाकर. पेत्र किनाऱ्यावर येतो तेव्हा येशू म्हणतो, या, न्याहारी करा. खाणं झाल्यावर मग विचारतो: माझ्यावर प्रीती करतोस का? तेही तीन वेळा, जितक्या वेळा नाकारलं होतं तितक्याच. आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवतो, माझी मेंढरं चार.

इथेही आधी भाकर. खरं सांगायचं तर अम्माऊसच्या वाटेवर, लूक २४ मध्ये, क्रम उलटा आहे. तिथे येशू दोन खचलेल्या शिष्यांना चालता चालता शास्त्र उलगडून सांगतो आणि भाकर मोडणं शेवटी येतं. तेव्हा माझा क्रम म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. पण तिथेही त्याने सुरुवात केली ती प्रश्नाने, तुम्ही कशाबद्दल बोलताय, आणि त्यांचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. "आम्हाला आशा होती की..." असं ते म्हणतात. आशा होती. भूतकाळात.

चौथी पायरी: थोडं वाचा, सावकाश वाचा

आता वचन. होरेबावर आधी वारा सुटला, मग भूकंप, मग अग्नी, आणि देव त्यांत नव्हता. नंतर आला तो मंद, हळू आवाज. खचलेल्या माणसाने रोज पाच अध्याय वाचायचा नेम धरू नये. नेम मोडतो आणि आणखी एक पराभव खात्यावर जमा होतो.

दिवसाला आठ-दहा ओव्या पुष्कळ झाल्या. पहिला आठवडा स्तोत्रं ४२ आणि ४३. ही दोन मुळात एकच असावीत, कारण तेच पालुपद तीनदा येतं: हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? माणूस स्वतःच्या जिवाशी बोलतोय. एरवी आपला जीवच आपल्याला दिवसभर ऐकवत असतो, इथे त्याला प्रश्न विचारलाय. दुसऱ्या आठवड्यात मार्काचं शुभवर्तमान सुरू करा. सगळ्यात लहान आहे, भराभर पुढे जातं. तिसऱ्यात प्रेषित पौलाचं पत्र २ करिंथ, पहिले चार अध्याय. चौथ्या अध्यायात पौल म्हणतो, "म्हणून आम्ही धैर्य सोडत नाही." भिंतीवर लावायला छान ओळ. पण त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात त्याने लिहिलंय की आसिया प्रांतात आमच्यावर एवढं ओझं आलं की जगण्याचीही आशा उरली नव्हती. दोन्ही ओळी एकाच माणसाच्या, एकाच पत्रातल्या.

भिंतीवरून आठवलं. वचनाची कॅलेंडरं आणि चिठ्ठ्यांच्या डब्या सगळ्यांच्या घरी असतात, माझ्याही आहे. पण एकच ओळ उचलून तिच्यावर संसार उभा करू नका. यिर्मया २९:११ घ्या, भविष्य आणि आशा देण्याचे माझे बेत आहेत, ते प्रसिद्ध वचन. त्याच्या वरची ओळ वाचा: बाबेलची सत्तर वर्षं पुरी झाल्यावर. आणि त्याही आधी बंदिवासातल्या लोकांना सांगितलंय, तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा. हे वचन "पुढच्या महिन्यात व्हिसा मिळेल" असं सांगत नाही. ते सत्तर वर्षं टिकायला सांगतं. मला तरी ते जास्त भरवशाचं वाटतं.

डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट ठेवायचं, ही सवय सोडा. देवाला प्रश्न विचारायची ती रीत नव्हे, सोडत काढण्याची आहे.

वाचवत नसेल तर ऐका. मराठी बायबल मोबाइलवर ऑडिओ स्वरूपात मिळतं. आणि गा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आमच्याकडे अजून गातात. ओवी-अभंगाच्या चाली, कानाला ओळखीच्या. स्वतःची प्रार्थना सुचत नाही तेव्हा दुसऱ्याने रचलेली ओळ तोंडात धरावी.

पाचवी पायरी: एक माणूस

मराठीत धीर धरतात, सोडतात आणि देतात. म्हणजे ती वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकते. एलीयाने चाकराला बैरशेब्याला सोडलं आणि एकटा गेला, तिथून त्याची घसरण आणखी वाढली. देवाने त्याला परत पाठवलं तेव्हा दिलेल्या कामांत एक होतं अलीशाला अभिषेक करण्याचं. म्हणजे जोडीदार मिळाला.

आख्ख्या मंडळीला सांगायची गरज नाही. साक्ष द्यायची वेळ आली तरी सगळं ओतू नका, ते मंडळीभर फिरतं. एकच माणूस शोधा. माझी कसोटी साधी आहे: तो तुमचं ऐकताना मध्ये स्वतःची गोष्ट सुरू करतो का? दुसऱ्याचं गुपित तुम्हाला सांगतो का? करत असेल तर तो नको. बाईने बाई शोधावी, पुरुषाने पुरुष. पाळकसाहेबांना भक्ती सुटल्यावर दारात गाठू नका, त्या घाईत "प्रार्थना करतो" एवढंच हाती लागतं. फोन करून वेळ मागा. कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदनाची सोय आहेच, आणि तिथे बोललेलं बाहेर जात नाही.

भेटल्यावर काय बोलायचं, तेही ठरवून जा. "मी खचलोय. मला सल्ला नको, तीन आठवडे दर बुधवारी पाच मिनिटं फोन करून कसा आहेस विचाराल का?" एवढी नेमकी विनंती माणसं सहसा नाकारत नाहीत.

पैसे मागणाऱ्यापासून सावध. खास प्रार्थनेसाठी अमुक रक्कम, बियाणं पेरा म्हणजे शंभरपट मिळेल, असं कुणी म्हणालं की उठायचं. खचलेला माणूस असल्या गोष्टींना लवकर भुलतो आणि नंतर त्याला देवाचीच शिसारी येते.

आणि मन नसलं तरी रविवारी जा. मागच्या बाकावर बसा, गाऊ नका वाटलं तर. ज्या दिवशी तुम्हाला विश्वास ठेवता येत नाही, त्या दिवशी तुमच्या शेजारचा तुमच्या वाटचं गातो. प्रभुभोजनात हातावर भाकरीचा तुकडा ठेवतात, तेव्हा आज कसं वाटतंय असं कुणी विचारत नाही.

सहावी पायरी: हाताला एखादं काम

एलीयाची कामं मोठी होती, राजांना अभिषेक करण्याची. आपली लहान असू देत. रविवारी खुर्च्या लावणं, लहान मुलांच्या शाळेत हजेरी घेणं, एखाद्या म्हाताऱ्या सभासदाला रिक्षात बसवून देणं. मंचावरचं काम नको, साक्ष नको, गटाची जबाबदारी तर नकोच. ते नंतर.

इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. पदरी तान्ही मनोरमा. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मिळाला, असं त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. ज्यांना बाप्तिस्म्यानंतर वर्षभरात सगळं कोरडं वाटायला लागतं, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आठ वर्षं, आणि ती रमाबाईंना लागली!

त्या आठ वर्षांत त्या थांबल्या नव्हत्या. १८८९ मध्ये मुंबईत विधवा-मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातल्या मोठमोठ्या मंडळींनी राजीनामे दिले. त्यानंतर तीन वर्षांनी दुष्काळ पडला आणि रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली आणायला निघाल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. उतारवयात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक. रमाबाई त्या भाषांतराचंच काम करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मनोरमा गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्या रोज कोणत्या ओळीवर थांबत असतील, असं मला केडगावला गेलो की वाटतं.

रमाबाईंसारखं मोठं काम करा असं मी म्हणत नाही. माझं काम होतं गीतांच्या पुस्तकांना कव्हरं घालणं. छपाईचा कागद घरात पोत्यांनी पडला होताच. दर शनिवारी दहा पुस्तकं. सहा आठवडे गेल्यावर एका शनिवारी मी गुणगुणत होतो, असं बायको म्हणाली. मला आठवत नाही.

मधे घसराल. चौथ्या पायरीवरून पुन्हा पहिलीवर याल, पावसाळ्यात तर हमखास. तेव्हा वही उघडून जुनी तक्रार वाचा आणि तिच्यापुढे तारीख टाका, कोणती मागणी पुरी झाली, कोणती नाही. माझ्या वहीत भाड्यापुढे तारीख आहे, दुकानापुढे नाही.

त्या मावशींचा डबा महिनाभर आमच्याकडे आणि त्यांच्याकडे असा फिरत राहिला. रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून बायको कधी शेंगदाण्याची चटणी भरायची, कधी नुसता गूळ. मावशी आता थकल्यात, जिना चढवत नाही. डबा त्यांनी मलाच देऊन टाकलाय. गेल्या बुधवारी तो एका नव्याने येऊ लागलेल्या कुटुंबाकडे ठेवून आलो. शनिवारी न्यायला जायचंय.